शेवटच्या धुण्याचं पाणी

द्राक्षवेलीची वर्षभराची काडी धारदार पात्याने आडवी कापा आणि कापलेलं टोक उजेडाकडे धरा. मधोमध तपकिरी, मऊ गाभा दिसतो. त्याभोवती लाकडाचं कडं आणि त्या कड्यात सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. या जलवाहिन्या. पुष्कळ झाडांत त्या पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, द्राक्षात मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतात. वेलीला स्वतःचा भार पेलायचा नसतो. तिला आधार दुसऱ्याचा असतो, त्यामुळे तिचं लाकूड सगळं बळ पाणी वर चढवण्यात घालतं.

डोळे फुटायच्या सुमारास छाटणी केली की याच भोकांतून पाणी ठिबकू लागतं. मुळं खालून दाब देत असतात, वर अजून पान आलेलं नसतं, मग पाणी कापातून बाहेर येतं. टोकाशी थेंब जमतो, फुगतो, पडतो, लगेच दुसरा जमतो. फ्रेंच आणि इटालियन भाषांत याला वेलीचं रडणंच म्हणतात. मी पहिल्यांदा तो थेंब निर्जंतुक नळीत धरला तेव्हा तो इतका नितळ होता, की यात काही असेल असं वाटेना. जिवाणू वाढवण्यासाठी आगरची जेली ओतलेल्या प्लेटवर तो पसरला आणि प्लेट उलटी करून इनक्युबेटरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे पिवळसर ठिपके उगवले. पाचव्या दिवशी त्यांच्यामध्ये दोन गुलाबी ठिपके दिसले, सावकाश वाढणारे, कडेला अगदी गोल.

नितळ पाण्यातून रंग उगवलेला पाहून मला जे वाटलं, ते आजही जसंच्या तसं आठवतं. वेल धडधाकट होती. पानांवर डाग नव्हता, खोडावर गाठ नव्हती. तरी तिच्या आत वस्ती होती.

आनंद दोन दिवस टिकला. मग आमच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "हे आतलेच आहेत, हे तू कशावरून म्हणतेस?"

या प्रश्नाने पुढची काही वर्षं माझा पिच्छा सोडला नाही. जिवाणू सगळीकडे असतात. सालीच्या भेगांत, कात्रीच्या पात्यावर, माझ्या बोटांवर, हवेत. कापलेल्या टोकावरून ओघळणारा थेंब जाता जाता साल चाटून आला असेल, तर प्लेटवरचे माझे सगळे रहिवासी खरं तर रस्त्यावरचे वाटसरू. आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकता येत नाही.

म्हणून काडी धुवायची असते. वाचताना हे सोपं वाटतं. आधी वाहत्या पाण्याखाली माती काढायची, मग सत्तर टक्के अल्कोहोल, मग काही मिनिटं सोडियम हायपोक्लोराइट, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणं. त्यानंतर काडी सोलून, आतलं लाकूड खलात कुटून, त्याचा रस प्लेटवर पसरायचा. या सगळ्यात जीव असतो तो एका छोट्या गोष्टीत: शेवटच्या धुण्याचं पाणी टाकून द्यायचं नाही. तेही एका वेगळ्या प्लेटवर पसरायचं. त्या प्लेटवर काही उगवलं, तर काडीचं बाहेरचं अंग स्वच्छ झालेलं नव्हतं असा अर्थ होतो, आणि मग आतल्या रसाच्या प्लेटवर काय उगवलं याला काडीची किंमत राहत नाही.

माझ्या एका खेपेत त्या प्लेटवर दोन वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, आल्या. पांढऱ्या, कोरड्या, सुरकुतलेल्या. बाजूच्या प्लेटांवर शेकडो होत्या, सुंदर, नाना आकारांच्या. दोन आठवड्यांचं काम होतं. मी म्हटलं, "मॅडम, दोनच आहेत."

"दोन म्हणजे शून्य नव्हे," त्या म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत. मी सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या, पिशवीत भरल्या.

पुन्हा करताना कळत गेलं की धुणं हे एक कसब आहे. द्राक्षाची जुनी साल पापुद्र्यांनी सुटते आणि पापुद्र्यांच्या मागे हवा अडकते. तिथे हायपोक्लोराइट पोचतच नाही. त्यातून बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. मग साल आधी सोलून घ्यावी लागते. दुसरीकडे काडी फार वेळ बुडवून ठेवली, की त्याच रुंद जलवाहिन्यांमधून औषध आत शिरतं आणि ज्यांना शोधायचं तेच मरतात. म्हणून बुडवण्याआधी दोन्ही टोकं मेणाने बंद करायची. कमी धुतलं तर परके आत येतात, जास्त धुतलं तर घरचे जातात. या दोन्हींच्या मधली जागा प्रत्येक जातीच्या, प्रत्येक जाडीच्या काडीसाठी हाताने शोधावी लागते. शोधनिबंधात या खटाटोपाला एक ओळ मिळते. मला ती ओळ नेहमी अपुरी वाटत आली आहे.

द्राक्षाच्या आत काय असतं, हा प्रश्न जुना आहे आणि त्याच्याशी फार मोठं नाव जोडलेलं आहे. 1878 साली लुई पाश्चरने फ्रान्समधल्या आर्बोआजवळच्या आपल्या द्राक्षमळ्यात काही वेलींवर काचघरं उभारली. मण्यांवर यीस्ट येऊन बसण्याआधीच घड झाकायचे, काही घड निर्जंतुक केलेल्या कापसात गुंडाळायचे आणि पिकले की पाहायचं, त्यांचा रस आंबतो का. नुकतेच वारलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या टिपणांमधून असं सूचित होत होतं, की आंबण्याची शक्ती फळाच्या रसातच असावी. पाश्चरचे झाकलेले घड आंबले नाहीत, उघडे आंबले. यीस्ट बाहेरून येतं हे त्याने दाखवलं आणि ते खरंच आहे.

कापसात गुंडाळलेला तो घड माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या प्रयोगात फार देखणी शिस्त आहे. पण त्या काळातून एक व्यापक समजूतही पुढे आली, की निरोगी झाडाचं अंतरंग निर्जंतुक असतं. 1887 मध्ये व्हिक्टर गॅलिप यांनी भाज्यांच्या आत जिवाणू सापडतात असं मांडलं, तेव्हा शंका हीच घेतली गेली: तुमची धुण्यात चूक झाली असेल. मॅडमनी मला विचारलेला प्रश्न तोच. तो तेव्हाही रास्त होता. वास्तविक झाडाच्या आत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी एंडोफाइट हा शब्द अँटन डी बॅरी यांनी 1866 मध्येच वापरात आणला होता. शब्द हाताशी होता, विश्वास बसायला मात्र पुष्कळ दशकं गेली. द्राक्षाच्या जलवाहिन्यांमधले जिवाणू वेगळे करून त्यांची यादी करणारं काम कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात झालं, ते 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि 2011 मध्ये, प्रत्येक जिवाणूगटाला चिकटणारा चमकता रंग वापरून, द्राक्षाच्या फुलांत, मण्यांत आणि थेट बीमध्येही बॅसिलस आणि स्यूडोमोनास गटांचे जिवाणू जागच्या जागी दाखवले गेले. पाश्चरचं यीस्टबद्दलचं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही. मण्याच्या आतली खोली रिकामी नव्हती, इतकंच.

धुण्याचं जमल्यावर मी वसाहती वेगळ्या करायला घेतल्या. प्रत्येकीला नाव नाही, आकडा. एकपासून चाळीसच्या पुढे गेले. मग त्यांची ओळख पटवायची. याची रूढ वाट म्हणजे सोळा-एस नावाचं जनुक वाचणं. प्रथिनं बांधणाऱ्या रायबोसोमचा एक भाग घडवणारं हे जनुक प्रत्येक जिवाणूत असतं, डीएनएच्या सुमारे दीड हजार अक्षरांचं. काही तुकडे सगळ्यांत सारखे, काही प्रत्येक कुळात वेगळे. कार्ल वूस यांनी 1977 मध्ये अशाच अक्षरांची तुलना करून सजीवांचा एक अख्खा गट, आर्किया, वेगळा काढून दाखवला होता. आपण त्याच वाटेने जाऊन एवढंच विचारतो, की हा पिवळा ठिपका कोणाच्या घरातला.

प्लेटवर न उगवणारे पुष्कळ असतात हे माहीत होतं. म्हणून प्लेट मधे न आणता, काडीतून सरळ डीएनए काढून त्यातली सगळी सोळा-एस जनुकं वाचायचं ठरलं. अहवाल आला आणि मी खुर्चीत नीट बसून तो उघडला. बहुतेक सगळी अक्षरं एकाच गटाची होती. सायनोबॅक्टेरिया. म्हणजे प्रकाशावर जगणारे हिरवे जिवाणू. लाकडाच्या आत, अंधारात?

कळायला थोडा वेळ लागला. ते जिवाणू नव्हतेच. ती वेलीची स्वतःची हरितलवकं होती.

हे मी पाठ्यपुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. झाडाला हिरवं करणारी हरितलवकं कधी काळी स्वतंत्र जिवाणू होती, कुठल्याशा पूर्वज पेशीने त्यांना आत घेतलं आणि ती तिथेच राहिली. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये ही कल्पना नव्याने आणि ठामपणे मांडली. आज ती सर्वमान्य आहे. हरितलवकांजवळ अजूनही स्वतःचं सोळा-एस जनुक आहे. म्हणून "इथे कोण कोण जिवाणू आहेत" अशी हाक मारली, की सगळ्यात मोठ्याने तीच ओ देतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही तशाच, त्यांचं कूळ जिवाणूंच्या दुसऱ्या शाखेतलं. दोघांना गप्प बसवायचे उपाय आहेत. हरितलवकांच्या जनुकाला चिकटणार नाहीत असे प्रायमर, म्हणजे जनुकाच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, निवडायचे, किंवा त्यांच्यापुरता अडसर घालणारे छोटे रेणू वापरायचे. पुढच्या वेळी ते केलं आणि मग आतल्या इतरांचे आवाज ऐकू आले.

तरी तो फसलेला अहवाल मी जपून ठेवला आहे. आतला कोण, बाहेरचा कोण, हे ठरवण्यासाठी मी काडी सोलत होते, मेण लावत होते, तीनतीनदा धूत होते. आणि जिला मी वेल म्हणत होते, तिचा हिरवेपणाच मुळात कुणीतरी आत येऊन राहिल्यामुळे आलेला. फायद्याचा जिवाणू म्हणजे काय, याचं याहून पूर्ण उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता "फायद्याचा" या शब्दाबद्दल. माझं सगळ्यात जास्त मन या शब्दात गुंतलं आहे.

जिवाणू फायद्याचा आहे का, हे तपासायच्या ठरलेल्या चाचण्या आहेत आणि त्या पाहायला फार मोहक असतात. निळ्या रंगाच्या आगरवर जिवाणू लावायचा. त्याने लोह पकडणारी द्रव्यं सोडली तर त्याच्याभोवती नारिंगी वलय उमटतं. दुधट पांढऱ्या आगरवर लावायचा. त्याने न विरघळणारं फॉस्फेट विरघळवलं तर भोवती स्वच्छ पारदर्शक कडं दिसतं. द्रवात वाढवून एक अभिकर्मक घालायचा. मुळं वाढवणारं ऑक्सिन असेल तर नळी गुलाबी होते. शेवटी एकाच प्लेटवर एका बाजूला जिवाणू आणि समोर मणी कुजवणारी बॉट्रायटिस बुरशी. राखाडी बुरशी पुढे सरकत येते आणि जिवाणूच्या अलीकडे थांबते, मधे मोकळी पट्टी राहते.

माझा नऊ क्रमांक या सगळ्यांत उतरला. नारिंगी वलय, पारदर्शक कडं, गडद गुलाबी नळी, आणि बुरशीसमोर बोटभर पट्टी. तो बॅसिलस होता, नावही चांगलं मिळालं. मी त्याला कुंडीतल्या कोवळ्या वेलींच्या मुळाशी दिलं आणि रोज पानं मोजली. वेलींमध्ये फरक पडला नाही. काडी कापून, धुऊन, आतला रस पसरला, तर तो आत सापडलाच नाही.

मला फार वाईट वाटलं होतं. आता विचार केला की त्यात नवल वाटत नाही. प्लेटवर भरपूर साखर आणि प्रथिनं असतात. जलवाहिनीतलं पाणी अगदी पातळ, त्यात थोडी अमिनो आम्लं, थोडी सेंद्रिय आम्लं, साखर जेमतेम. शिवाय प्रवाह सतत चालू. पोटभर जेवणाच्या ताटावर बुरशीशी लढणारा तिथे लढेलच असं नाही. ऑक्सिनही जास्त झालं तर मुळं खुंटतात. एखाद्याची मुलाखत घेऊन त्याचा शेजार कसा असेल हे जसं कळत नाही, तसंच हे. या चाचण्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण नुसत्या त्यांच्या जोरावर एखाद्या जिवाणूला फायद्याचा म्हणून जाहीर करायला माझा विरोध आहे.

नावाचंही तसंच. मराठीत ओळख पटणं वेगळं आणि ओळख होणं वेगळं. जनुक वाचून पटते ती ओळख पहिल्या प्रकारची. ती किती अपुरी पडते, हे द्राक्षाच्याच एका जिवाणूने दाखवून दिलं आहे. अॅलोरायझोबियम व्हिटिस, पूर्वीचं अॅग्रोबॅक्टेरियम व्हिटिस. वेलीच्या खोडावर खडबडीत, लाकडी गाठी आणतो. वेलीच्या आत चुपचाप राहतो आणि थंडीने साल फाटली किंवा कलमाची जखम झाली की गाठ उठते. अगदी याच जातीचा, दक्षिण आफ्रिकेत मिळालेला एफ-टू-फाइव्ह हा प्रकार गाठ आणत नाही. उलट जखमेवर तो आधी पोचला तर गाठ आणणाऱ्या भाऊबंदाला ती उठवू देत नाही. सोळा-एस वाचून या दोघांमधला भेद कळणार नाही, कारण गाठ उठवणारी जनुकं एका प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून सुट्या असलेल्या कड्यावर, असतात, काहींजवळ असतात, काहींजवळ नसतात. आणि हा रक्षणकर्ताही साधा नाही. जखमेपाशी तो द्राक्षाच्या काही पेशी मारतो.

दुसरीकडे, नाव बदलत राहिलं आणि काम तेच राहिलं असाही एक जिवाणू आहे, पीएसजेएन. तो मूळचा कांद्याच्या मुळातला. आधी त्याला स्यूडोमोनास समजत. 2005 मध्ये तो बर्कहोल्डेरिया फायटोफर्मन्स झाला. पुढे त्या कुळातले माणसांना आजार देणारे जिवाणू एका बाजूला ठेवून बाकीच्यांना वेगळं कूळ दिलं गेलं, तेव्हा तो पॅराबर्कहोल्डेरिया झाला. 2005 मध्येच त्याच्यात हिरवं चमकणारं प्रथिन घालून त्याला शार्दोने जातीच्या कोवळ्या रोपांच्या मुळाशी सोडलं गेलं. तो मुळाच्या अंगावर पसरला, आत शिरला, जलवाहिन्यांमध्ये पोचला आणि पाण्याबरोबर वर चढून पानात दिसला. पुढच्या वर्षी दिसलं की तो आत असलेली रोपं चार अंशांचा गारठा अधिक चांगला सोसतात. त्यांच्यात स्टार्च आणि प्रोलिन हे अमिनो आम्ल जास्त साठलेलं असतं. 2019 मध्ये तर असं दिसलं, की वेलीच्या जलवाहिन्या तुंबवून तिला वाळवणाऱ्या झायलेला जिवाणूची संख्या आणि त्याने होणारा पिअर्स रोग, दोन्ही तो कमी करतो. इथे मला फायद्याचा हा शब्द वापरायला संकोच वाटत नाही, कारण त्याला वेलीच्या आत, वेलीसोबत, वेलीच्या संकटात पाहिलं गेलं आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. द्राक्षवेल सहसा बीपासून लावत नाहीत, काडीपासून लावतात. एखादी प्रसिद्ध जात म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीची एकच वेल, तुकड्यातुकड्याने पुढे आलेली. काडीबरोबर तिच्या आतले रहिवासीही पुढे येतात, चांगले आणि वाईट दोन्ही. म्हणूनच लावण्याआधी काड्या पन्नास अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवायची रीत आहे. रोग आणणारे मरावेत म्हणून. ती रीत गरजेची आहे, रोगट काडीने पुढच्या कितीतरी वेली जातात. पण त्या अर्ध्या तासात आणखी कोण कोण गेलं आणि त्यांच्या जागी नंतर कोण येऊन बसलं, हा प्रश्न मला रोग किती कमी झाला या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो अजून फार कमी जण विचारतात.

माझा सतरा क्रमांक चाचण्यांत जवळजवळ नापास होता. नारिंगी वलय नाही, पारदर्शक कडं नाही, नळीला हलका गुलाबी रंग आला न आला. बुरशी त्याच्या अंगावरून निघून गेली. त्याचं सोळा-एस दोन जातींशी सारखंच जुळतं, त्यामुळे त्याला अजून पूर्ण नाव नाही. तो पहिल्याच थेंबातला आहे, त्या दोन गुलाबी ठिपक्यांपैकी एक. गेल्या हंगामात मी रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक सोसणारं त्याचं रूप निवडलं, म्हणजे पुढे गर्दीतून तो एकटा निवडता येईल, आणि डोळा फुटलेल्या रोपांच्या मुळाशी त्याला दिलं.

सहा आठवड्यांनी पाचव्या पेराजवळचे तुकडे कापले. टोकांना मेण लावलं, अल्कोहोल, हायपोक्लोराइट, तीन पाणी. शेवटच्या धुण्याचं पाणी एका प्लेटवर, आतला रस दुसऱ्या, रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर. गुलाबी वसाहती हळू वाढतात, म्हणून सातव्या दिवसापर्यंत झाकण उघडलं नाही. सातव्या दिवशी सकाळी दोन्ही प्लेटा खिडकीशी नेल्या. पहिली मी तिरकी करून, मग उलटी करून, मग भिंगाखाली धरून पाहिली. स्वच्छ होती. दुसरीवर अकरा गुलाबी ठिपके होते.